ज्या घरचा खांदा नाही

माझ्या बापाला डोलीत घालून खाली नेलं तेव्हा मी मुंबईत गिरणीत साच्यावर उभा होतो. निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. मी बोटीनं दासगावला उतरलो, महाड, पोलादपूर करत चालत डोंगर चढलो आणि वाडीत शिरलो, तर आमच्या अंगणात पुरुषमाणसं बसलेली. कोणाच्या खांद्यावरची कातडी सोलवटलेली होती, कोणी पायाला चिंधी गुंडाळली होती. मी येताच सगळे उठून उभे राहिले. जणू मीच कोणी मोठा पाहुणा.

बापाला ताप होता. पोलादपूरपर्यंत त्यांनी त्याला जिवंत नेलं, तिथं एका ओळखीच्याच्या पडवीत ठेवलं, वैद्याला आणलं. दोन दिवसांनी तो गेला. मुलगा मुंबईत, वाट किती बघणार. सावित्रीच्या काठी त्यांनीच लाकडं रचली, आणि शेजारच्या घरचे काका, ज्यांचं आमचं रक्ताचं नातं काहीच नाही, त्यांनी अग्नी दिला. मला ते स्वतः सांगताना काका खाली बघत होते. "तुझं काम मी केलं रे. रागावू नको," म्हणाले.

रागावतो कसला. त्या दिवसापासून मला वाडीतल्या कोणाच्याही डोळ्याला डोळा देणं जड जाऊ लागलं.

आमची वाडी कुडपणच्या खालच्या अंगाला. माणूस आजारी पडला, बाई अडली, कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की त्याला घोंगडीच्या झोळीत घालायचं, झोळी दांड्याला बांधायची आणि दोघांनी खांद्यावर घेऊन उतरायचं. खांदे दुखले की मागचे पुढे येत. यासाठी वाडीत कोणी कोणाला नेमलेलं नव्हतं. देवळापुढच्या उंचवट्यावरून हाळी घालायची, ज्याच्या कानावर पडेल तो हातातलं टाकून येई. परत आल्यावर सगळे देवळाच्या पडवीत एकत्र जेवत. वरीचा भात, कुळथाची पिठी, असलीच तर सुकट. ज्याच्या घरचा माणूस नेला त्याच्या घरून काही घ्यायचं नाही, हा एवढाच रिवाज. त्या जेवणात फार हसणं चाले. कोण कुठं घसरला, कोणाला वाटेत कशी डुलकी लागली, हेच पुन्हा पुन्हा.

पुढच्याच वर्षी आमची गिरणी बंद पडली आणि मी बिऱ्हाड गुंडाळून गावी आलो. मनात एकच होतं, बापाला ज्यांनी वाहिलं त्यांच्याबरोबर आता आपण वाहायचं. पण माझे पाय गिरणीच्या फरशीवर वाढलेले. पहिल्याच खेपेला मी उताराला गुडघ्यावर आलो, आणि डोलीतली बाई माझ्यामुळे किंचाळली. काकांनी माझ्या हातातला दांडा काढून दुसऱ्याकडे दिला आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे दिला. "तू हे धर. हे पण लागतंच," म्हणाले.

तांब्या धरून माझं ओझं उतरेना. मग मला वाटलं, खांद्यानं नाही तर डोक्यानं करू. मुंबईत चाळीतल्या आमच्या खोलीत गाववाल्यांचं मंडळ होतं. त्यात कमिटी होती, मेंबर होते, गैरहजर राहिलेल्याला जाब विचारत. ते मी पाहिलेलं. मी वाडीतल्यांना देवळात जमवलं आणि म्हणालो, आपण हे काम करतोच, तर नीट करू. मंडळ काढू. प्रत्येक घर मेंबर. प्रत्येक घरचा एक खांदा. जो विनाकारण येणार नाही त्याला पंगतीला बसता येणार नाही. आणि ज्या घरात जाणता पुरुष नाही त्यानं बदली द्यावा.

"बदली म्हंजे?" एकानं विचारलं.

"गिरणीत आपल्या जागी दुसरा माणूस देतात, तसा. भाऊबंदातला कोणी."

मग काका म्हणाले, "पोरगा मुंबय बघून आलाय. त्याच्या मनात चांगलं हाय. करू या." त्यांनी होकार दिला म्हणून सगळ्यांनी दिला. मला सेक्रेटरी केलं. तो शब्द वाडीत कोणाला नीट उच्चारता येईना, पण मला फार आवडला.

पहिले काही महिने छान गेले. कधी नव्हे ते वरच्या आवाठातले, म्हणजे वरच्या आळीतले, दोन आळशी भाऊही येऊ लागले. हाळी दिली की पडवी भरून जाई. मी उभा राहून कोण आलं कोण नाही ते तोंडपाठ सांगे, आणि लोक हसत. घरी माझी बायको एकदा म्हणाली, "अवो, आधी लोक यायचे. आता येतात म्हणून दाखवायला येतात." मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. नंतर ते वाक्य मी मनात किती वेळा मागं घेतलं, पण तिच्यापुढं तोंडानं कधी घेतलं नाही.

काकांचं वय झालं होतं. त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, मुंबईला गोदीत कामाला. घरी काका, सून आणि नातवंडं. काका आता दांडा घेत नसत, पण डोलीबरोबर चालत, वाट दाखवत, आजाऱ्याशी बोलत राहत. माझ्या बापाशीही ते असंच बोलत गेले होते. आधी कोणाला यात काही वावगं दिसलं नव्हतं. मला दिसलं. दिसलं म्हणजे काय, नेम सगळ्यांना सारखा, असं माझ्या डोक्यात बसलेलं.

एका खेपेला काकांच्या छातीत कफ होता, ते आले नाहीत. आम्ही परतलो तेव्हा मात्र पडवीत येऊन चुलीपाशी बसले होते. पानं मांडली. कोणीतरी त्यांच्यापुढंही पान टाकलं. वरच्या आवाठातल्या दोघांपैकी एक मला म्हणाला, "शेकटरी, मागच्या येळी आलो नाय तवा आमाला पंगतीतनं उठवलंत. आज काय?"

मी हसत म्हणालो, अगदी हसत, "काका, नेम तुमच्याच होकारानं झालाय. तुमच्या घरचा बदली यायला हवा होता."

काकांनी पानावरचा हात मागं घेतला. "बरोबर हाय," म्हणाले. "नेम तो नेम." आणि उठून, धोतर झटकून गेले. रागानं गेले असते तर मी मागं धावलो असतो. ते सहज गेले, म्हणून मी बसून राहिलो. भात वाढला गेला. त्या दिवशी कोणी घसरल्याची गोष्ट सांगितली नाही.

मी मनाशी म्हणत होतो, उद्या जाऊन त्यांना समजावू. उद्याचा परवा झाला. मग राबाचे दिवस आले आणि जो तो कामाला लागला.

राबासाठी झाडांचा पाला तोडतात. तो शेतात पसरून जाळला की पावसाआधी रोपांची जागा तयार होते. काका ऐनाच्या झाडावर फांद्या तोडायला चढले आणि पाय घसरून खाली आले. सून आणि शेजारची एक बाई, दोघींनी त्यांना धरून, अर्धं ओढत घरी नेलं. हे सगळं आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या बाईलाही काकांनी गप्प राहायला सांगितलेलं, म्हणून आम्हाला पत्ता नाही. दहा-बारा दिवसांनी पाणवठ्यावर माझ्या बायकोला सुनेच्या डोळ्यांखाली काळं दिसलं. तिनं विचारलं तेव्हा सून रडू लागली. बायको हंडा तिथंच ठेवून पळत घरी आली.

मी गेलो तेव्हा काका माच्यावर पडले होते. मांडी सुजून काळीनिळी झालेली, पाय बाहेर वळलेला. सून दारात उभी होती.

"वहिनी, हाळी का नाय दिलीत?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी देणार होते. मामंजी नको म्हणाले."

"का?"

"म्हणाले, आपल्या घरचा खांदा नाय. लोकांना पेचात पाडू नको."

माच्यावरून काका म्हणाले, "तिला बोलू नको रे. मीच नको बोललो. वाटलं, मुका मार असेल, जाईल."

मी उंचवट्यावर गेलो आणि हाळी दिली. तरी सगळे आले. वरच्या आवाठातले दोघे सर्वांत आधी. दांडा बांधताना मी पुढं झालो, तेव्हा कोणी मला तांब्या दिला नाही. त्या उतारावर मी पडलो नाही. बरोबर चालत आजाऱ्याशी बोलायला मात्र कोणी नव्हतं, आणि डोलीतून काकाच अधूनमधून म्हणत, "सावकाश. डावीकडं दगड सुटा हाय."

पोलादपूरपासून बैलगाडी केली आणि महाडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, दाबला, काकांनी दात आवळले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाड सांधायला लागलंय, पण वाकडं. लगेच आणलं असतंत तर सरळ बसवता आलं असतं. आता या वयात पुन्हा मोडून बसवायचं धाडस मी करणार नाही. तुम्ही यांचे कोण?"

मुलगा म्हणावं तर नाही, शेजारी म्हणावं तर एवढंच नाही. मी म्हणालो, "आमचं वाडीत मंडळ आहे. आजाऱ्यांना आणतो. मी सेक्रेटरी."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "एवढ्या डोंगरातून? फार चांगलं काम करता. गावोगाव अशी मंडळं निघायला हवीत," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आमची माणसं उन्हात बसली होती. त्यांना ते ऐकू गेलं असावं. कोणी वर पाहिलं नाही. आजवर मला कोणी शिव्या दिल्या, मारलं, मुकादमानं कामावरून काढलं, पण तो पाठीवरचा हात जेवढा लागला तेवढं काही लागलेलं नाही.

परत आल्यावर पडवीत चूल पेटवायला कोणी पुढं होईना. मीच म्हणालो, "नेम चुकीचा होता. माझा होता. आजपासून नाही."

मग ज्यानं मला सगळं बोलायला लावलं होतं तो वरच्या आवाठातला म्हणाला, "तू बोललास खरा. पण जेवायला तर आमी पण बसलोच की." दुसरा म्हणाला, "मी दोनदा भात घेतला त्या दिवशी." एवढंच. मग एकेक जण उठून घरी गेला.

शिमग्याला काकांचा मुलगा आला. मुंबईची माणसं पालखीसाठी येतात, तसा. त्याला घरी कळलंच असणार. मी दोन दिवस त्याला टाळलं. तिसऱ्या दिवशी तोच आमच्या अंगणात आला. मी आधीच बोलून टाकलं, पंगत, बदली, सगळं, काही न वगळता. तो उंबऱ्याशी उकिडवा बसून ऐकत होता.

"बायकोनं मुंबयला निरोप धाडला होता," तो म्हणाला. "तुझा राग आला. बोटीत बसल्यापासून तुला काय काय बोलायचं ते ठरवत आलो."

"मग बोल."

"घरी आलो, बापाचा पाय बघितला. त्यानं मला विचारलं, रजा किती हाय? मी बोललो, पालखी नाचली की जायचं. मग तुला काय बोलू? तू नेम केलास. पण घरात माणूस नाय ठेवला तो मी."

मी त्याला राहा म्हणू शकलो नाही. तो राहिला असता तर त्याच्या घरी खाणार काय, हे मलाही ठाऊक होतं. जाताना तो म्हणाला, "तू इथं हायस. बघत जा." हे तो विश्वासानं म्हणाला की मुद्दाम, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंडळ तसंच राहिलं, पण बिनानेमाचं. हाळी दिली की कोणी येई, कोणी न येई. डोली मात्र कधी अडली नाही. पडवीतलं जेवण काही दिवस मुकं होतं, मग हळूहळू पुन्हा कोणीतरी घसरल्याची गोष्ट निघाली. मला सेक्रेटरी म्हणणं लोकांनी सोडून दिलं. कोणी ठरवून नाही.

काका काठी घेऊन चालू लागले. पाय आखूड झाला होता, चालताना एका बाजूला झुकत. पुढच्या राबाच्या दिवसांत मी त्यांच्या झाडांचा पाला तोडून द्यायला गेलो. ते खाली उभे राहून सांगत, "ती ठेव. ती कवळी हाय. पलीकडची घे." मी फांदीवरून खाली बघितलं की त्यांचं डोकं आणि काठी दिसे.

एकदा काम आटोपून आम्ही सावलीला बसलो होतो. मी धीर करून म्हणालो, "काका, त्या दिवशीच्या पंगतीचं मला..."

"कसली पंगत?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरोखरच विसरले होते, की मला पुढं बोलू द्यायचं नव्हतं, की मी बोलून मोकळं व्हावं हेच त्यांना नको होतं, काही कळेना. त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, नाचणीची, वर ठेचा. अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.

"खा," म्हणाले. "अजून ते वरचं झाड राह्यलंय."