वेसल एसेलिंक, मूळचे लामर्स

घरासमोरून गाडी गेली की वेसलकाकांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा, ब्रेक लावल्यासारखा. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवलेली. धुतलेला कप ते कॉफी ओतण्याआधी पुन्हा विसळायचे. पावातल्या मनुका आधी टोकरून खायचे. आणि फोन उचलल्यावर आमच्याकडे सगळे आपलं आडनाव सांगतात, ते मात्र नुसतं "हं, बोला" म्हणायचे.

ते मंगळवारी गेले. आम्ही त्यांचे पहिले शेजारी. इकडे जर्मनीच्या हद्दीलगत, आल्टनच्या बाजूला, माणूस गेला की पहिल्या शेजाऱ्यानं घरोघर जाऊन सांगायचं असतं. मी सांगत फिरले. प्रत्येक दारात तेच वाक्य. मला स्वतःला ते अजून पटलेलं नाही.

येत्या शनिवारी त्यांच्याकडे अमेरिकेतून, विस्कॉन्सिनहून, एसेलिंक मंडळी यायची होती. काका विधुर, मूलबाळ नाही. तिकडची लोरेन एसेलिंक दर रविवारी फोन करायची आणि त्यांना भाऊ म्हणायची. तिचे पूर्वज इथल्याच एसेलिंक शेतावरून बोटीनं गेलेले. वसंतात तिनं एक छोटी नळी पाठवली. तीत थुंकायचं आणि परत पाठवायची. मग कोण कुणाच्या रक्ताचं ते कळतं.

काका नळी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले.

"मी एसेलिंक नाही," ते म्हणाले.

आई बटाटे सोलत होती. "मग इतकी वर्षं मी शेजारी कुणाला धरलं?"

"चेष्टा नको, हेर्मिन."

मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडे फार पूर्वी आडनाव माणसाचं नसायचं, शेताचं असायचं. राहायला येईल त्याला ते लागायचं. एसेलिंक शेताचा मालक वारला. त्याच्या विधवेनं हद्दीपलीकडून, जर्मनीतून आलेल्या लामर्स नावाच्या गड्याशी लग्न केलं. गाव त्यालाही एसेलिंक म्हणू लागलं. पुढं पहिल्या नवऱ्याची मुलं अमेरिकेला गेली. गड्याची इथं राहिली. काका त्या गड्याच्या वंशातले.

"यात लपवण्यासारखं काय?" आई म्हणाली. "निम्म्या गावाचं असंच आहे."

"इथं आहे गं. तिकडं नाव म्हणजे रक्त. थुंकलो की संपलं. मग ती रविवारी फोन कुणाला करेल?" ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू साहित्य शिकलीस. खोटं न बोलता ही गोष्ट टाळायची काही रीत असेल ना?"

"नाही, काका."

"मग शिकलीस काय एवढी वर्षं?"

कित्येक रात्री त्यांच्या खिडकीत दिवा दिसायचा. शेवटी एका रविवारी त्यांनी मला शेजारी बसवलं, इंग्रजी अडलं तर हवी म्हणून, आणि लोरेनला एका दमात सगळं सांगून टाकलं. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी त्यांचा पाय फरशीवर दाबलेला होता.

"आणि ती बाई?" लोरेननं विचारलं.

"कुठली बाई?"

"जिनं दोन्ही लग्नं केली ती. ती माझीही आजी आणि तुझीही. तिचं नाव काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं.

"वा रे भाऊ! नवरे दोन्ही पाठ, आणि आईचा पत्ता नाही!"

ते हसले. पण फोन ठेवताच म्हणाले, "फोनवर सगळेच गोड बोलतात. आल्यावर तोंड बघू." आणि नवीन घोर लागला: ती यायच्या आत त्या बाईचं नाव मिळायला हवं. म्हाताऱ्यांना विचारत हिंडले. एकजण म्हणाला आल्त्येन, दुसरा म्हणाला येनेकेन. खात्री कुणालाच नाही.

मोठे पाहुणे यायचे असले की आमच्याकडे शेजारी दारावर हिरव्या फांद्यांची कमान बांधतात. काका सोमवारीच शिडी लावून स्वतः बांधायला लागले.

"अहो, ते आमचं काम!" आई कुंपणावरून ओरडली. "गाव आमच्या तोंडात शेण घालेल."

"तुम्ही बांधाल शुक्रवारी. तोवर मला झोप नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडीला टेकून बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

लोरेनलाही मीच कळवलं. ती बराच वेळ रडली. येणार आहे.

कमान बांधून झालेली आहे. मधल्या पांढऱ्या पाटीवर काकांच्या अक्षरात, हिरव्या रंगात 'स्वागत, लोरेन' लिहिलंय. त्याखाली एका नावापुरती जागा सोडलेली आहे, आणि अक्षरं सरळ यावीत म्हणून पेन्सिलीनं दोन रेघा ओढलेल्या आहेत.