दोनदा नाडी मोजणारे चाचा

मारेगावच्या दवाखान्यातले कंपाउंडर रहीमचाचा प्रत्येकाची नाडी दोनदा मोजायचे. माणूस धापा टाकत आत आला की एकदा, आणि त्याला बाकावर पाच मिनिटं बसवून पुन्हा. पहिल्या आकड्याला ते किंमत देत नसत. "हा रस्त्याचा आकडा आहे," म्हणायचे. "मले माणसाचा पाहिजे."

साठ-एकसष्ट साल असेल. मी राळेगावहून नर्सच्या नेमणुकीसाठी आले होते. वडील नुकतेच गेलेले, मागे दोन बहिणी शिकत होत्या. नोकरी मिळायलाच हवी होती. तपासणीत डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला आणि म्हणाले, "एकशे साठ? या वयात? तुम्हाला घेता येणार नाही."

"साहेब, पाच मिनिटं मले द्या," चाचा दारातून म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही साहेब. पण पोरगी भेली आहे."

त्यांनी मला व्हरांड्यात बसवलं, मनगटावर बोटं ठेवली. "नाकानं हळू श्वास घे. आता त्याहून हळू सोड. घाई काहून करून राह्यली? कोणी पळून नाही चाललं." हळूहळू कानातली धडधड थांबली. बर्फासारखे हात कोमट झाले. डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. एकशे तीस. त्यांनी कागदावर सही केली.

पुढे सहा वर्षं मी चाचांच्या हाताखाली शिकले. मग एका सकाळी त्यांचं डोकं फार दुखत होतं. मी दाब मोजला; खूप चढला होता. चाचा डोळे मिटून दहा मिनिटं सावकाश श्वास घेत बसले. पारा जागचा हलला नाही.

"पुन्हा मोजू, चाचा."

"नको. श्वासानं भीती उतरते, पोरी. हा आजार आहे. आला तो आकडा लिही."

दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिला तर त्यांना घरी बसवतील, हे दोघांनाही माहीत होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. माझा हात थांबला, तेव्हा त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं.

चाचा बोरी अरबला लेकीकडे गेले. औषधांवर तीन वर्षं जगले. ते गेल्यावर लेकीचं पत्र आलं : अब्बांनी नातीला चालायला शिकवलं, घरात रोज तुमचं नाव निघायचं. पत्रात कुठंही राग नव्हता. तरी तो सापडतो का, म्हणून मी ते कितीदा तरी वाचलं.