ठाणे दाखवणाऱ्या काकू

काकू पाहुण्याला मासुंदा तळ्यापाशी आणीत, त्याचे कोपर धरीत आणि त्याला तळ्याकडे पाठ करून उभे करीत. पाहुणा बिचारा समोरच्या लाकडांच्या वखारीकडे बघत राही. काकू थोडा वेळ जाऊ देत. मग कोपर सोडून म्हणत, "हं. आता वळा!"

तो वळे, आणि पाणी, कोपिनेश्वराचा कळस, काठावरचे वाकडे माड असे सगळे एकदम त्याच्या अंगावर येई. हळूहळू चालत आलेल्या माणसाला तळे दिसते, पण त्याचे आश्चर्य वाटत नाही, असे काकूंचे मत होते. त्या काळात तुम्ही ठाण्याला कुणाकडे पाहुणे म्हणून गेला असाल, तर तुमचेही कोपर त्यांनी एकदा धरले असेल.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली असतील. आम्ही नौपाड्यातल्या एका चाळीत नुकते राहायला आलो होतो. काकू आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहत. काका कोर्टात कारकून होते आणि घरात क्वचितच बोलत. दोघांचे मिळून जेवढे बोलणे व्हायला हवे, तेवढे काकू एकट्या बोलत.

चाळीत एक पद्धत पडून गेली होती. कुणाकडे पाहुणे आले, की दुपारची जेवणे उरकल्यावर त्यांना काकूंच्या स्वाधीन करायचे. दोन खोल्यांच्या घरात पाहुणे असले की यजमानिणीला पाठ टेकायला जागा उरत नसे. मग खालून हाक येई, "काकू, तिघं आहेत हो! आणि एक मूल!"

"मूल चालतंय की कडेवरचं?"

"चालतंय!"

"मग पाठव. पाचला परत आणते. चहा टाकून ठेव."

या फेरीत माझी भरती कशी झाली ते मला नीट आठवत नाही. मी परगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होते. मराठी मला येत होते, पण चारचौघांत बोलायचे म्हटले की प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून बघावे लागे, आणि तोवर बोलणे पुढे गेलेले असे. म्हणून मी गप्प बसे. चाळीतल्या बायकांना तो शिष्टपणा वाटे. काकूंना तसे वाटले नाही. त्या सरळ म्हणाल्या, "तुला बोलायचं नाही ना? मग उत्तम. माझ्याबरोबर चल. मागे राहा आणि कुणी चुकतंय का बघ."

त्यामुळे काकूंचा इतिहास मी पुष्कळदा ऐकला. तो दर वेळी थोडा वेगळा असे. कोकणातून आलेल्या पाहुण्याला ठाण्यात तीस तलाव होते. देशावरच्या कोरड्या गावाहून कुणी आला, की तेच साठ होत. मी एकदा धीर करून विचारले, तर म्हणाल्या, "त्यांना पाण्याचं अप्रूप गं. जरा जास्त दिलं तर बिघडतंय काय?"

किल्ला बाहेरूनच दाखवावा लागे, कारण आत तुरुंग होता. फिरंग्यांनी तो बांधायला घेतला, पेशव्यांच्या फौजेने जिंकला, इंग्रजांनी त्यात कैदी भरले, एवढे सांगून त्या पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. "आत जायचं तर आधी काहीतरी करावं लागतं. तुम्ही सज्जन दिसता. तेव्हा तटच बघा."

मग खाडी. मिठागरांवरून येणारा खारट वारा, मिठाचे पांढरे ढीग, आणि आगगाडीचा पूल. इथे त्यांचा आवाज चढे. "देशातली पहिली आगगाडी मुंबईहून निघाली, ती कुठे आली? ठाण्याला! पुण्याला नाही."

पुण्याला नाही, हे त्या हमखास म्हणत. पाहुणा नागपूरचा असला तरीसुद्धा.

एकदा वरच्या मजल्यावर मद्रासकडची एक बाई पाहुणी आली. तिला मराठी येत नव्हते. काकूंनी कोपिनेश्वरासमोर शिलाहार राजांपासून सुरुवात केली, त्यांचे हत्ती तळ्यावर पाणी प्यायला आणले, एक राणी रुसवली, तिची समजूत काढली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हं, सांग तिला इंग्रजीत."

मी इंग्रजीत सांगितले की हे देऊळ फार जुने आहे.

"एवढंच? मी केवढं बोलले!"

"इंग्रजीत तेवढंच होतं, काकू."

काकूंनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग त्या इतक्या हसल्या, की देवळातला गुरव बाहेर आला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलू लागले.

एक गोष्ट मात्र फेरीत कधी नसे. जवळजवळ प्रत्येक पाहुणा, विशेषतः पुरुष, कधीतरी डोळे मिचकावून विचारी, "आणि ते तुमचं प्रसिद्ध वेड्यांचं इस्पितळ कुठे आहे हो?" त्या काळी ठाणे म्हटले की लोकांना तेच आठवे. कुणी जरा विचित्र वागला की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायचे आणि हसायचे. काकू शांतपणे उत्तर देत, "ते फार लांब आहे. तिकडे टांगा जात नाही." टांगेवाला पुढे बसून खोकत असे. इस्पितळ मुळीच लांब नव्हते. काकू फेरीचा रस्ता अशा बेताने आखीत, की त्याची भिंतसुद्धा दिसू नये.

याचे कारण त्यांनी मला एका दुपारी वाल सोलता सोलता सांगितले. त्यांचे माहेर पुण्याचे. लग्न ठरले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. लग्नाच्या पंगतीत त्यांचे थोरले बंधू मोठ्याने म्हणाले, "आमची मुलगी ठाण्याला दिली, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळातच भरती केली म्हणायची!" सगळी पंगत हसली. नवरदेवही हसले.

"मीही हसले," काकू म्हणाल्या. "दादा होताच विनोदी."

पुढे दर भाऊबीजेला काकूच पुण्याला जात. खरे तर भावाने बहिणीच्या घरी यायचे, पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे, तिच्या हातचे जेवायचे. दादा कधीच आले नाहीत. "ठाण्यात बघायचं काय? जेल आणि वेडे," असे म्हणत. बहीण तबक घेऊन समोर उभी राहिली, की पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय गं, तुझे ठाण्याचे वेडे काय म्हणतायत?"

काकूंनी सोललेल्या वालांवरून हात फिरवला. "एकदा यायला हवा तो. एकच दिवस. मग बघते कसा म्हणतो ते."

तेव्हा मला कळले, की इतके दिवस आम्ही जिला फेरी म्हणत होतो ती तालीम होती.

आणि दादा यायचे ठरले. पुण्याहून कुणीतरी निरोप आणला, की मंगळवारी सकाळच्या गाडीने येतो आहे, ठाण्यात काम आहे, तुझ्याकडे उतरेन. काम काय, ते निरोप्याला ठाऊक नव्हते. काकूंनी विचारलेही नाही. त्यांनी पाट घासून घेतला. काकांचा कोट उन्हात घातला. "भाऊबीज नसली म्हणून काय झालं, ओवाळायला बंदी आहे का?" असे स्वतःलाच विचारून तबक घासले. आणि बेत असा आखला, की दादांना ठाण्यापर्यंत येऊच द्यायचे नाही. आपण कल्याणलाच जाऊन उभे राहायचे. तिथे उतरवून आधी दुर्गाडीचा किल्ला दाखवायचा, खाडीकाठी महाराजांनी गलबते बांधून घेतली ती जागा दाखवायची, आणि मग ठाण्याला आणायचे.

"पुण्याच्या माणसाला आधी महाराज दाखवावेत. म्हणजे तो गप्प बसतो," त्या मला म्हणाल्या.

कल्याणला आम्ही गाडीच्या पुष्कळ आधी पोचलो. काकूंनी त्यांचे एकुलते एक चांगले पातळ नेसले होते. ऊन चढत होते, खाडीकडून दमट वारा येत होता, आणि त्या फलाटावर येरझाऱ्या घालीत तोंडातल्या तोंडात दुर्गाडी म्हणत होत्या.

गाडी थांबली. काकूंनी डब्यांच्या खिडक्यांतून हाका मारल्या, तेव्हा दादा उतरले. उंच, गोरे, काळी टोपी घातलेले गृहस्थ. त्यांच्यामागून पंचविशीचा एक तरुण उतरला. त्याच्या कोटाची सगळी बटणे गळ्यापर्यंत लावलेली होती. दादांनी त्याचे मनगट घट्ट धरून ठेवले होते, लहान मुलाचे रस्ता ओलांडताना धरतात तसे. तो काकूंचा भाचा होता, दादांचा थोरला मुलगा. त्याला काकू मागच्या दोन भाऊबीजांना भेटल्या नव्हत्या. तो मित्राकडे गेला आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते.

"दादा, आधी दुर्गाडी..." काकूंनी सुरुवात केली.

दादांनी वर पाहिले नाही. "ते इस्पितळ," ते म्हणाले, "स्टेशनपासून किती लांब आहे गं?"

काकूंनी एकदा भाच्याकडे पाहिले, एकदा त्या धरलेल्या मनगटाकडे. मग म्हणाल्या, "जवळच आहे. टांगा जातो." आणि आम्ही पुढच्या गाडीत बसलो.

ठाण्याला उतरून आम्ही टांगा केला. टांगेवाला ओळखीचाच होता. काकूंनी कुठे जायचे ते सांगितले, तेव्हा त्याने मान वळवून पाहिले, पण या वेळी तो खोकला नाही. कुठे वळायचे ते काकूच पुढे वाकून त्याला सांगत होत्या. इतकी वर्षे तो रस्ता टाळायचा म्हणून त्यांना तो नीट माहीत करून घ्यावा लागला होता.

फाटकाशी भाचा अडला. त्याने काही आरडाओरडा केला नाही. फक्त पुढे पाऊल टाकीना. दादा त्याला ओढू लागले. "चल. चल ना रे. लोक बघतायत."

काकू मधे आल्या. त्यांनी दादांचा हात मनगटावरून सोडवला आणि भाच्याचे कोपर धरले. "तो डोंगर दिसतो का तुला?" त्या म्हणाल्या. "तो येऊरचा. पूर्वी तिथे वाघ होते. राजे शिकारीला जायचे."

भाच्याने डोंगराकडे पाहिले. खूप वेळाने म्हणाला, "आत्या, इथून समुद्र दिसतो?"

"खाडी दिसते. वरच्या खोल्यांमधून. मिठाचे ढीग दिसतात, उन्हात चमकतात अगदी. आणि आगगाडीचा पूल. गाडी गेली की ऐकूसुद्धा येते."

त्या आत कधीही गेलेल्या नव्हत्या. आत वरच्या खोल्या आहेत की नाहीत, हेही त्यांना ठाऊक नव्हते. बोलत बोलत त्या चालू लागल्या, आणि तो त्यांच्याबरोबर चालू लागला. शिलाहार, हत्ती, रुसलेली राणी असे सगळे हळू आवाजात सांगत त्या त्याला फाटकातून आत घेऊन गेल्या. दादा टोपी हातात घेऊन मागे चालत होते. मी टांग्यापाशी थांबले.

घरी दादा पाटावर बसले. काकूंनी त्यांना ओवाळले नाही. तबक फळीवर होते तिथेच राहू दिले. वरणभात वाढला. दादांनी चार घास खाल्ले आणि म्हणाले, "चव आईच्या हातची आहे." एवढेच.

संध्याकाळच्या गाडीला अवकाश होता. दादांना घरात बसवेना, म्हणून काकू त्यांना तळ्यावर घेऊन गेल्या. मला हाताने बोलावले, म्हणून मीही गेले. तळ्याच्या पायऱ्यांवर दोघे बहीणभाऊ बसले. मी थोडी वर बसले. कोपिनेश्वरात आरतीची तयारी चालली होती. पाण्यावर उतरते ऊन पडले होते. तसे तळे दाखवायला काकू एखाद्या पाहुण्याला तास तास थांबवून ठेवीत.

त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना इतका वेळ गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला भीती वाटली.

दादांनी घसा साफ केला. टोपी गुडघ्यावर ठेवली. तळ्याकडे पाहिले. खरेच पाहिले, या काठापासून त्या काठापर्यंत. मग बहिणीकडे न बघता म्हणाले, "छान आहे गं तुझं ठाणं." आणि जरा थांबून, जणू तिला काहीतरी द्यायचे राहून गेले होते, तसे विचारले, "हे तळं कुणी बांधलं?"

हा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून काकू किती वर्षे वाट बघत होत्या, ते मला ठाऊक होते. मी पुढे वाकले. मनात म्हटले, सांगा काकू. हत्ती सांगा, राणी सांगा, साठ तलाव सांगा.

काकू पदर सारखा करून म्हणाल्या, "ठाऊक नाही रे, दादा. फार जुनं आहे. तू बस जरा. इथे वारा बरा येतो."

दादा बसले. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलू लागले. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा हात दादांच्या पाठीवरून वरखाली फिरत होता.