आंबिवलीची अंडी

लोक थंडीत माथेरानला जातात. आम्ही आंबिवलीला गेलो, अंडी आणायला.

नव्वद साल उलटून वर्ष होत आलं होतं. माझी कंपनी बंद पडल्यापासून मी आणि माझी बायको सुधा डोंबिवलीच्या मानपाड्याला कारखान्यांच्या फाटकासमोर भुर्जी-पावची गाडी लावत होतो. त्या डिसेंबरात अंडेवाल्याने आठवड्यात दुसऱ्यांदा भाव चढवला. आपणही प्लेट महाग करावी, तर शेजारी वडेवाला टपलेलाच. न करावी, तर दिवसभर तव्यासमोर भाजून निघायचं आणि घरी न्यायची ती टरफलं. "अहो, कुठेतरी स्वस्त असतीलच की," सुधा म्हणाली. तेवढ्या आशेवर आम्ही गुरुवारी गाडी बंद ठेवून निघालो.

बरोबर आंब्याची रिकामी पेटी घेतली आणि पेंढा. आम्ही दोघंही देवगडकडचे. नाजूक वस्तू न्यायची तर पेंढ्यात दाबून बसवायची आणि पेटी ठोकायची, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक.

पहिला मुक्काम कल्याण. घाऊक बाजारात एका गाळ्यासमोर ट्रक उभा होता आणि अंड्यांचे ट्रे उतरत होते. माल आंध्रातून आलेला. दोन दिवसांचा प्रवास करून आलेली ती अंडी आमच्यापेक्षा ताजीतवानी दिसत होती.

"एवढा भाव तुम्ही ठरवता का हो?" मी व्यापाऱ्याला विचारलं.

"मी कोण ठरवणार? सकाळी मुंबईहून फोन येतो. नाताळ आलाय, बेकरीवाले माल उचलतायत. वर थंडी, सगळ्यांनाच अंडं आठवतं. ठाण्याला एक भाव, डोंबिवलीला दुसरा, कसाऱ्याला तिसरा. जशी वाट, तसा भाव."

"मग थेट पोल्ट्रीवर स्वस्त मिळेल?"

"मिळेल ना. जा की," म्हणाला आणि आमच्या पेटीकडे बघून हसला. मला त्याचं हसणं मुळीच आवडलं नाही.

आंबिवलीला उतरून बरंच चालावं लागलं. भात कापून झालेल्या शेतांत वाल पेरला होता. हवा छान होती, पण माझे पाय दुखत होते आणि पेटी मांडीवर आपटत होती. पोल्ट्री दिसण्याआधी तिचा वास आला. मालक आगरी गृहस्थ, खाटेवर बसले होते.

"कुठशी आलाव?" त्यांनी विचारलं. डोंबिवली ऐकून त्यांनी घरात हाक दिली. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं आलं. मार्गशीर्षातला गुरुवार होता, हजारो कोंबड्यांच्या त्या घरात अंडं शिजलं नव्हतं. आम्ही पोटभर जेवलो.

"तुमची पोल्ट्री कल्याणच्या एवढी जवळ, मग कल्याणला अंडी महाग का?" सुधाने विचारलं.

"कोंबरीला काय ठाव, तिचा अंडा कुठं जातंय. मुंबयचा भाव येतो. त्याच्यातशी गारीभारं (गाडीभाडं) नि फूट (वाटेत फुटणारा माल) कापली का उरंल तो आमचा. मका म्हाग झालाय. पन कोंबरी म्हनून कमी खात नाय."

मला एकदम उजेड पडल्यासारखं वाटलं. म्हणजे गाडीभाडं आणि फूट वाचवली, की ते पैसे आपले. आम्ही पेटीभर अंडी मागितली. भाव खरोखरच कमी होता.

"ट्रे कुठं हाईत तुमचे?"

मी पेटी दाखवली. त्यांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. आम्ही पेंढ्याचा एक थर, अंड्यांचा एक थर असं भरत गेलो, वरून हाताने घट्ट दाबलं आणि झाकण ठोकलं. देवगडहून मुंबईला पाठवतात तशी पेटी झाली. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

परतीला कल्याणहून मानपाड्याची बस मिळाली. त्या रस्त्याबद्दल काय लिहू? रस्ता असा नव्हताच, खड्डेच एकमेकांना धरून होते. मी पेटी मांडीवर घेतली, मग सुधाने घेतली. मधेच तिच्या साडीवर ओल आली. ती माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी झाकण काढलं. वरचा थर धड होता. खाली सगळा पिवळा पेंढा. आंबा दाबला तर बसतो, अंडं नाही, एवढं शिकायला आम्ही आंबिवलीपर्यंत गेलो होतो. सुधाने धड अंडी धुऊन पुसून ठेवली आणि म्हणाली, "दमले हो मी."

मीही दमलो होतो. कोंबडी मका खाते, ट्रक डिझेल खातो, रस्ता अंडी खातो, आणि यातलं कुणीच कमी खायला तयार नाही. ते सगळं शेवटी आमच्या तव्यावर येतं. आणि तवा तरी ते कुठे ठेवून घेणार?

दुसऱ्या दिवशी अंडेवाल्याशी घासाघीस न करता माल घेतला. पाटीवरचा जुना भाव पुसून नवा लिहिला. पहिली पाळी सुटली आणि रोजचे दोघे लेथवाले आले.

"काय काका, वाढवले?" एकाने विचारलं.

मका, नाताळ, मुंबईचा फोन, मानपाड्याचा रस्ता, सगळं ओठांवर आलं.

"हो रे," मी म्हणालो.

त्याने मित्राकडे पाहिलं. "मग एकच प्लेट द्या. पाव जास्त टाका."

सुधाने एका प्लेटची अंडी फोडली. भुर्जी समोर आल्यावर त्याने पावाच्या कडेने तिच्या मधोमध रेघ ओढली, आणि दोघे आपापल्या बाजूने खाऊ लागले.