खाडीचा गाळ

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसलो असताना अनेकदा ओठांवर आलं — आलं तसं गिळलं. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा सांगता येतंय.

अंबरनाथला एका कारखान्याच्या साहेबांसाठी गोल्फचं मैदान होतं. मी तिथे माळी. पावसाळ्यात तिथे कोणी खेळत नसे. गवत कमरेला लागायचं आणि नवरात्र आलं की आमची धांदल सुरू व्हायची — गवत कापा, रूळ फिरवा, आणि चेंडू ज्या भोकात जातो त्याच्याभोवती नवी हरळी लावून तिच्यावर नदीचा बारीक गाळ पसरा. साहेबलोकांचा सगळा जीव त्या एवढ्याशा हिरवळीत. स्वातंत्र्यानंतर गोरा साहेब विलायतेला गेला आणि त्याच्या मागोमाग आमचा म्हातारा हेडमाळीही गावी गेला. मला वाटलं, आता मीच. वाटलं कसलं, घरी सांगूनही टाकलं होतं.

नव्या साहेबांनी आणलं टेकचंदला. कराचीकडे कुठल्याशा क्लबची हिरवळ सांभाळलेला माणूस, फाळणीत सगळं सोडून कल्याणच्या छावणीत येऊन पडलेला. त्या छावणीचं आता उल्हासनगर झालंय. साहेबांनी त्याला मैदानाच्या कडेची खोली दिली, पण अट घातली — नाताळातल्या सामन्यापर्यंत हिरवळ धरली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा छावणी. तिथे एकेका बराकीत गोणपाटं टांगून कितीतरी कुटुंबं राहत होती. टेकचंदच्या बायकोनं माझ्या बायकोला खोलीच्या दाराची कडी हौसेनं दाखवली होती — आतून लागते म्हणून.

तो माणूस वाईट होता का? छे. कधी आवाज चढवून बोलला नाही, काम सांगायच्या आधी स्वतः हात घालायचा. तेच मला खुपायचं. एकदा तरी त्यानं माझा अपमान करावा, म्हणजे मला रागवायला कारण मिळेल, असं वाटायचं. त्यानं तेही कधी दिलं नाही.

गाळ दरवर्षी बदलापूरकडून यायचा. त्या वर्षी तिकडची गाडीवाट पुरात वाहून गेली. टेकचंद म्हणाला, मग कल्याणकडून आणू, नदी तर एकच आहे. सिंधूकाठी वाढलेला माणूस — पुराचा गाळ म्हणजे त्याच्या लेखी सोनं. आमची उल्हास कल्याणपाशी खाडी होते, भरतीचं पाणी तिथवर चढतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. आमचं सगळं घराणं मिठागरावरचं. आमच्यात माती आधी जिभेवर ठेवतात. तिनं किती खार धरलाय ते जीभच सांगते. माझी ही सवय पाहून टेकचंद पहिल्यांदा हसला होता. मग मात्र कुठलीही माती आली की मला हाक मारायचा.

गाड्या आल्या. त्यानं चिमूटभर गाळ माझ्या तळहातावर ठेवला.

"भाऊ, तू चाखून बोल. तू बोलला तरच टाकू, नाय तर गाड्या परत."

मी चाखला. जीभ चरचरली. आणि मी — थांबा जरा. इतक्या वर्षांत हे मोठ्यानं बोललेलो नाही. मी म्हणालो, "गोड हाय. टाका."

तेव्हा नक्की काय होतं माझ्या मनात? त्याची खोड मोडावी एवढंच? की सगळं होणार ते दिसत होतं मला? दिसत होतं. खारानं जळलेलं भात मी लहानपणापासून पाहिलंय.

दिवाळीपर्यंत हरळी पिवळी पडली, मग जमिनीवर पांढरट पापुद्रा आला. टेकचंद रोज सकाळी तिथे उकिडवा बसून एकेक काडी उपटून मुळं बघायचा. मीही त्याच्याबरोबर कावडीनं पाणी वाहिलं — हेही सांगायला हवं. काय झालं असेल, असं त्यानं मलाच विचारलं. मी म्हणालो, कीड असेल. अजून तो मला दिसतो. भर दुपारी, कुठलंही मोकळं मैदान लागलं की दिसतो, पाठमोरा, उकिडवा बसलेला. मी वाट बदलतो.

साहेबांनी त्याला काढलं. गाळ चाखला कोणी, हे टेकचंदनं साहेबांना सांगितलंच नाही. निवड माझी, चूक माझी, एवढंच बोलला म्हणे. सामान हातगाडीवर चढवायला मी गेलो होतो. सगळं चढलं तरी त्याची बायको आत होती, कडी लावून. आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. दार वाजवायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"टेकचंद जाताना तुझं नाव सांगून गेला. म्हणाला, या माणसाला माती कळते, यालाच हेड करा."

बोलायची वेळ तीच होती. साहेबांनी खोलीची किल्ली पुढे केली. मी ती घेतली, आणि त्याच आठवड्यात बायकोला घेऊन तिथे राहायला गेलो.