टेबलाखालची दोन वर्षं

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिला सगळे मावशी म्हणत, अगदी ती पंचविशीची होती तेव्हापासून. ओल्या चादरी तापलेल्या रुळांमध्ये सरकवायच्या, पलीकडून कोरड्या ओढून घ्यायच्या, घड्या करून लांब टेबलावर रचायच्या, हे काम तिनं एकतीस वर्षं केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरातल्या चादरीची घडी दुसऱ्या कुणी केली की ती गुपचूप उलगडून पुन्हा करायची.

त्या दिवशी ती तेच करत बसली होती, तेव्हा थोरली लेक आत आली. चपला काढायच्या आधीच बोलायला लागली.

"आई, मला न विचारता माझ्या पोरीचं नाव त्या लांबच्या बालवाडीत घातलंस?"

"घातलं. जागा एकच उरली होती. उद्या दुपारपर्यंत होय की नाही ते कळवायचंय."

"नाहीच कळव. दोन बस बदलून जायचं, आणि तिथं करतात काय? माती कालवतात, ठोकळे रचतात. एक अक्षर शिकवत नाहीत. खालच्या काकू चार पावलांवर आहेत. टीव्ही लावून देतात, पोरं बसतात."

"बसतात, तेच तर."

"आपली तर काडीचा त्रास देत नाही. काकू म्हणतात, इतकी गुणी पोर पाहिली नाही. घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

मावशीचे हात थांबले. हेच वाक्य तिनं पूर्वी एकदा ऐकलं होतं, आणि तेव्हा तिची मान ताठ झाली होती.

थोरली तीन वर्षांची होती. तिला ठेवायला जागा नव्हती, नवरा फिरतीच्या कामावर. मुकादमानं एका अटीवर परवानगी दिली: पोर घड्यांच्या टेबलाखाली बसेल, पण तिचा आवाज त्याच्या कानावर यायचा नाही. वर यंत्रांची घरघर, वाफ. खाली मळक्या उशांच्या अभ्र्यांच्या गाठोड्याला टेकून ती पोर. पहिला आठवडा रडली. मावशीनं डोळे वटारले, एकदोनदा चिमटाही काढला. मग पोर शिकली. शी लागली तरी हाक मारायची नाही, आईची साडी हळूच ओढायची. मुकादम बायकांना म्हणाला, "हिची पोर बघा, आहे की नाही कळत नाही." मावशीनं ते घरी येऊन कौतुकानं सांगितलं होतं.

दोन वर्षं ती पोर टेबलाखाली होती.

धाकट्याच्या वेळी दिवस पालटले होते. हॉस्पिटलनं कामगारांच्या मुलांसाठी बालवाडी काढली. दहा मुलांमागे एक शिकलेली बाई. मुलाशी बोलताना बाई जमिनीवर बसायची, प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. कितीही वेळ लागो. मावशीला तो सगळा वेळेचा चुराडा वाटे. धाकटा घरी येऊन डोकं खायचा: वाफ जाते कुठं, बटण कुणी शोधलं, तू रोज दमतेस तर रोज जातेस कशाला. वैतागून ती बाईंना म्हणाली, "अहो, याला लिहायला शिकवा की. नुसता तोंडाळ झालाय."

बाई म्हणाल्या, "अक्षरं कुठं पळून जात नाहीत, मावशी. विचारायची सवय एकदा मेली, की मात्र परत आणायला फार जड जातं."

तेव्हा ते कानावरून गेलं. पुढं समजलं. धाकटा गणितात नापास झाला, तर पेपर घेऊन मास्तरांच्या मागे मागे फिरला, माझं चुकलं कुठं ते दाखवा म्हणून. थोरली सातवीत नापास झाली आणि प्रगतिपुस्तक उशीखाली ठेवून झोपली. कुणाला काही विचारलं नाही. मास्तरांनी शेरा लिहिला होता, 'शांत व आज्ञाधारक.' आज धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो, फार मोठा झाला असं नाही, पण अडलं तर विचारतो. थोरली औषधांच्या खोक्यांवर लेबलं लावते, आणि पगारातून चुकून रजेचे पैसे कापले गेले तरी ऑफिसात जात नाही.

"कसला विचार करतेस?" थोरली म्हणाली. "तुझ्या लेकासारखी होईल असं वाटतंय का? तो जन्मताच हुशार. अक्कल वाटत होते तेव्हा मी झोपले होते." हा तिचा ठरलेला विनोद. घरात सगळे हसत आले होते, मावशीसुद्धा.

आज तिला हसू आलं नाही.

"झोपली नव्हतीस," ती म्हणाली. "टेबलाखाली होतीस. मी बसवली होती."

थोरलीला त्यातलं काही आठवत नव्हतं. मावशीनं सगळं सांगितलं, चिमट्यांसकट. बाजू सावरायला 'माझा नाइलाज होता' हे शब्द दोनदा ओठांवर आले. तिनं ते गिळले. "तू मठ्ठ नव्हतीस गं. माझी नोकरी टिकावी म्हणून मी तुला गप्प केलं, आणि मग गुणी म्हणत राहिले."

थोरली बराच वेळ हातातल्या बसच्या तिकिटाची गुंडाळी करत राहिली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"चौतीस वर्षांची झाले मी, आई. चौतीस वर्षं मी स्वतःला मठ्ठ म्हणत आले."

थोरली उठली, पाणी प्यायली, पेला धुऊन पालथा घातला. दारात चपला घालताना पाठमोरीच म्हणाली, "बालवाडी कितीला उघडते?"

"साडेआठला. मी सोडत जाईन तिला. तुला कामाला उशीर होईल."

"नको. सोडायला मी जाईन, उशिराचं मी ऑफिसात बोलेन. तू तिला वाटेत गप्प बसवशील."

मावशीनं मान हलवली. ते खरं होतं.