अर्थिंगचा ओला खड्डा

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. कामावर तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसले आहे—पण सरळ सांगता येईल का, माहीत नाही. एरवी मी सगळं क्रमाने करणारी बाई. बॅगेत टेस्टर कुठल्या कप्प्यात, जादा वायर कुठल्या, हे न बघता सांगेन.

सांगलीतल्या एका छोट्या कंपनीसाठी मी घरोघरी एक पट्टी बसवायचे. चादरीखाली अंथरायची, अंगाला काही चिकटवायचं नाही. कापडातूनच हृदयाचे ठोके जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर रेघेने उमटतात. पण ते फार क्षीण—घरातल्या विजेची गुणगुण त्यांच्याहून मोठी. पंखा, फ्रिज, शेजारची मोटर, सगळं त्या रेघेत घुसतं. उपाय साधा. ही गुणगुण जमिनीत उतरवणारं अर्थिंग चांगलं हवं, म्हणजे अर्थिंगची तार पुरलेला खड्डा ओला हवा.

जत तालुक्यातल्या त्या घरी खड्डा ठणठणीत कोरडा होता.

तात्या फौजेतून निवृत्त झालेले. ठोके मधूनच चुकायचे. त्यांच्यावर लक्ष ठेवणार होती सून, सुनंदा. पडदा लाल झाला की लगेच सांगलीला हलवायचं, हे तिला समजावलं. आणि खड्ड्यात रोज पाणी ओत, असं मी म्हणाले.

"आवं म्याडम, टँकर कवा येईल त्याचा पत्त्या न्हाई. मानसांनी प्यायचं का खड्ड्याला पाजायचं?"

खरंच होतं तिचं. माझ्या गाडीत पाण्याचा भरलेला कॅन होता. तो ओतला असता तर—नाही ओतला. पुढची घरं वाट बघत होती. मी सेटिंगमध्ये जाऊन गाळणी वाढवली. म्हणजे काय? यंत्र ठोक्यांची सरासरी काढतं, रेघ गुळगुळीत करतं. गुणगुण जाते, आणि चुकलेला ठोकाही तिच्याबरोबर बुजतो. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. नंतर येऊन नीट करू, म्हटलं.

तात्या पडद्याकडे बघून खूश. "बगा, काळीज लाईनीत चालतंय. परेडच की!"

मी परत गेले नाही. काही दिवसांनी सुनंदाचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मामा म्हनत्यात, छातीत कायतर थांबल्यावानी हुतंय. पन मशीन हिरवंच हाय."

त्या वेळी मी गाडी चालवत होते? नाही. घाईत होते? तेही नाही. "हिरवं आहे ना, मग काळजी नको," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तात्या गेले.

पट्टी परत आणायला गेले, तेव्हा घराच्या पुढच्या सोप्यात माणसं बसली होती. तात्यांच्या मुलाने सगळ्यांदेखत विचारलं, मशीन लाल का झालं नाही? आणि मी—मी म्हणाले, "चादर बदलताना पट्टी सरकली असेल."

चादर कोण बदलायचं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. माना सुनंदाकडे वळल्या. "एक काम दिलं हुतं तुला," नवरा म्हणाला. पट्टीची गुंडाळी करून तिने माझ्या हातात दिली.

बाहेर पडताना भिंतीकडेचा खड्डा दिसला. ओला. मातीवर कोथिंबिरीची पानं चिकटलेली, भाजी धुतलेल्या पाण्यातली. ती रोज ओतत होती. गाळणीची गरजच उरली नव्हती. मी एकदा फिरकले असते तर रेघ खरी दिसली असती.

गाडीत बसून मी गाळणी पूर्ववत केली आणि यंत्र कंपनीत जमा केलं. सुनंदा त्याच घरात आहे. पट्टी आपल्याच हातून सरकली, असं ती आजही समजते.